टोपलीतलं कार्ड

गाठीवर बोट ठेवणं हे माझं काम. सोळा वर्षं मी तेच केलं. बर्नडीन हुडाक टोपली भरायची, चकचकीत पारदर्शक कागदात गुंडाळायची, वरून लाल फीत आवळायची आणि पहिली गाठ बसली की म्हणायची, "पोरी, बोट." मी बोट ठेवायचे आणि ती दुसरी गाठ मारायची, कित्येकदा माझ्या बोटासकट. मी ओरडले की म्हणायची, "एवढ्याशा बोटाचं काय कौतुक!"

आमच्या दोघींच्या घरांच्या मधे एक कुंपण आहे, आणि त्याची मधली फळी कुणीतरी कधीच काढून टाकलेली आहे. मी नवऱ्याच्या नोकरीपायी सांगलीहून पेनसिल्व्हेनियातल्या या खाणींच्या खोऱ्यात आले तेव्हा खाणी बंद पडून जमाना झाला होता. पुढे काचेचा कारखानाही गेला. उरलं काय, तर चर्च, आगीच्या बंबांचा बंबखाना आणि जेवू घातल्याशिवाय कुणाला घराबाहेर न सोडणाऱ्या बायका.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी बंबखान्याच्या मदतीसाठी त्याच्याच हॉलमध्ये टोपल्यांची सोडत असते. लांब टेबलांवर तीस-चाळीस टोपल्या, प्रत्येकीपुढे एक कागदी पिशवी. जी टोपली हवी तिच्या पिशवीत आपण विकत घेतलेली तिकिटं टाकायची आणि संध्याकाळी चिठ्ठी निघेपर्यंत कॉफी पीत बसायचं. कुत्रेवाल्यांसाठी टोपली, सिनेमा बघणाऱ्यांसाठी टोपली, बागवाल्यांसाठी टोपली. बहुतेक सगळ्या आदल्या संध्याकाळी दुकानातून आणून भरलेल्या. बर्नडीनच्या टोपलीवर चिठ्ठी असायची, 'ज्यांना रांधायला आवडतं त्यांच्यासाठी'. तिची पिशवी दुपारीच फुगून फुटायला यायची आणि डेनीला, म्हणजे बंबखान्याच्या प्रमुखाला, दुसरी लावावी लागायची. अठ्ठावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

म्हणायला टोपली, पण तिची टोपली म्हणजे इनॅमलची मोठी पांढरी रोवळी असायची, शेवया निथळायची. तळाशी कागदाचा चुरा नाही. "ते उंदराचं अंथरूण," ती म्हणायची. चुऱ्याच्या जागी धुऊन इस्त्री केलेलं पुसायचं फडकं. त्यावर प्लमच्या घट्ट जॅमच्या दोन बरण्या, किसलेल्या बिटाची एक, घरी लाटून कापलेल्या अंड्याच्या शेवया, सुकवलेल्या अळंब्यांची माळ, लसणाची वेणी, ताजी दळलेली खसखस. मागे उभा खोचलेला एक लाकडी चमचा, तिच्या नवऱ्याने, एमिलने, कोरलेला. नंतर फेकून द्यावं लागेल असं टोपलीत काहीही नसावं, हा तिचा नियम. आणि मधोमध, चांदीच्या कागदात तान्ह्या बाळासारखा गुंडाळलेला अक्रोडाचा रोल. तिकिटं पडायची ती त्या रोलसाठी. लोण्यासारखी मऊ पोळी, आत अक्रोडाचं सारण, कापला की गोल गोल वेटोळी, आणि वर एक चीर नाही. त्याच्याखाली, कोपरा दिसेल असं, तिच्या अक्षरातलं कृतीचं कार्ड.

आता त्या कार्डाबद्दल सांगायला हवं. आमच्या गावात कुणी कृती मागितली तर नाही म्हणायची पद्धत नाही. नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं. सगळ्या जणी हसतमुखाने देतात, सुवाच्य अक्षरात लिहून देतात, आणि एक गोष्ट वगळतात. घेणारीलाही ते ठाऊक असतं. ती "किती चांगल्या गं तुम्ही" म्हणून कार्ड घेते आणि घरी जाऊन काय वगळलं असेल याचा विचार करत बसते. यात कुणाला कुणाचा राग नसतो. मी नवी होते, मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच वर्षी टोपली मला लागली. मी कार्ड समोर ठेवून रोल केला. फाटला. पुन्हा केला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा नवऱ्याने ते सगळं वाडग्यात घेऊन चमच्याने खाल्लं आणि म्हणाला, "हलवा झकास झालाय." चार वर्षांनी मी बर्नडीनच्या स्वयंपाकघरात उभी असताना तिने फ्रिजमधून आंबट सायीचा डबा काढला आणि अर्धी वाटी पिठात घातली.

"हे कार्डात नव्हतं," मी म्हणाले.

"नव्हतं," ती म्हणाली. तोंडावर रेष हलली नाही. "माझ्या सासूने मला दिलं तेव्हाही नव्हतं. नऊ वर्षं मी फाटका रोल केला. नऊ वर्षं ती म्हणाली, 'हळूहळू जमेल हो.' मग एकदा ती आजारी पडली आणि मी तिच्या फ्रिजचं दार उघडलं."

तर अशी ही बाई. तिला मी भली म्हणणार नाही. भल्या बायका मला फारशा सोसतही नाहीत.

गेल्या वर्षी ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली. एमिलला जाऊन आठ वर्षं झाली होती. तिच्या बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती. ऑगस्टमध्ये प्लमचा जॅम ढवळायला मलाच उभं केलं. सप्टेंबरात शेवया लाटताना ती दर दोन पोळ्यांनी खुर्चीत बसायची आणि बसली की उठायला नको म्हणायची. "झालं गं आता," असं ती दिवसातून दहा वेळा म्हणायची. सवयीने म्हणते आहे असं मला पहिले काही दिवस वाटलं. तसं ते नव्हतं. तिला खरोखर सुटका हवी होती.

डेनीला तिने दोनदा सांगून पाहिलं. तो काही दुष्ट माणूस नाही. "बर्नडीन, तू नाहीस तर कोण?" तो म्हणाला. "तुझ्यासारखा रोल या खोऱ्यात कुणाला येतो का? सांग, येतो का?"

येत नव्हता. येऊ नये याची व्यवस्था तिनेच अठ्ठावीस वर्षं केली होती. आपलाच धोंडा आपल्या पायावर इतका बेताने पाडून घेतलेला मी दुसरा पाहिला नाही.

तिने आधी मला विचारलं. आढेवेढे न घेता विचारलं, "तू घेतेस का? साय कुठे घालायची ते तुला ठाऊक आहे."

मी नाही म्हणाले. आईचं दुखणं, माझी पाठ, अशी दोन-चार कारणं सांगितली. खरं कारण एकच होतं. त्या टोपलीने तिचं काय केलं ते मी सोळा वर्षं बघत होते. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा विषय काढला नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं, पण आजही मी नाहीच म्हणेन.

ऑक्टोबरच्या शेवटी ती एमिलच्या चमच्यांचं खोकं घेऊन बसली. जाण्याआधी त्याने पुष्कळ कोरून ठेवले होते. दर वर्षी एक टोपलीत जायचा. खोक्यात एकच उरला होता.

"बघ," ती म्हणाली. "त्यालासुद्धा कळलं होतं किती पुरे."

त्याच दुपारी तिने ठरवलं. कोरं कार्ड घेतलं, चष्मा लावला आणि लिहायला बसली. पेन धरायला तिला दोन्ही हात लागत होते. मैदा, यीस्ट, लोणी, कोमट दूध, इथपर्यंत सरसर आली आणि थांबली. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते. मग तिने 'आंबट साय, अर्धी वाटी' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"वाच," ती म्हणाली. "काही राहिलंय?"

मी दोनदा वाचलं. अक्रोडावर दूध उकळतं ओतायचं, सारण पुरतं गार होऊ द्यायचं, भाजण्याआधी काट्याने टोचायचं, सगळं होतं. "काही राहिलं नाही."

"ठीक. आता जिला लागेल तिला येईल. पुढच्या वर्षी मी हॉलमध्ये खुर्चीत बसून केक खाणार." आणि कुणाला शंका नको म्हणून तळाशी आणखी एक ओळ लिहिली, 'यात सगळं आहे. काहीही वगळलेलं नाही.'

त्या ओळीला मी तेव्हाच अडवायला हवं होतं.

टोपली लागली रोक्सॅन पावलिकला. रोक्सॅन शाळेची बस चालवते, पन्नाशीची आहे, आवाज बसच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा. तिचं नाव पुकारलं तेव्हा बर्नडीनने माझा दंड धरला. "हिला जमेल," ती पुटपुटली. "हिचा हात चांगला आहे." इतक्या वर्षांत सोडतीच्या दिवशी मी तिला पहिल्यांदा पाठ टेकून बसलेली पाहिली.

थँक्सगिव्हिंगची मेजवानी होऊन दोन दिवस झाले असतील. सकाळी मी बर्नडीनकडे बरण्यांची झाकणं उघडून द्यायला गेले होते, कारण तेही आता तिला होत नव्हतं. दारावर थाप पडली आणि रोक्सॅन आत आली. हातात झाकलेला ट्रे. तिने तो टेबलावर ठेवला आणि वरचा कागद ओढला.

"बघा, मिसेस हुडाक."

रोल उभा फाटला होता. सारण बाहेर येऊन काळं पडलं होतं. खाणीत काही झालं असावं तसं ते दिसत होतं.

बर्नडीनने बोटाने जरा उचकून पाहिलं. "काय घातलंस?"

"कार्डात होतं ते सगळं."

"आणि?"

रोक्सॅन जरा घुटमळली. "आणि चमचाभर बेकिंग पावडर. आणि एक अंडं जास्तीचं."

"का?"

"का म्हणजे? तुम्ही काय वगळलं असेल त्याचा अंदाज केला. माझी आई म्हणायची, हुडाकांच्या घरची कृती असली की फुगवायचं काहीतरी लपवलेलं असणार."

"अगं, खाली लिहिलं होतं ना, काहीही वगळलेलं नाही म्हणून?"

"तेच वाचून तर माझी खात्री पटली!"

मला हसू आवरेना. बर्नडीन हसली नाही. खुर्ची ओढून खाली बसली. "रोक्सॅन, ऐक. त्यात खरंच सगळं आहे. देवाशपथ."

"हो, हो."

"इथे कर. माझ्यासमोर. मी नुसती बघते."

"आणि माझी पाठ फिरली की तुम्ही काहीतरी टाकणार. माझी सासू असंच करायची." रोक्सॅनचा आवाज एकदम चिरका झाला. "तुम्हाला द्यायचं नसेल तर नाही म्हणा ना सरळ! घरचे अकरा जण टेबलाशी बसले होते. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, या वर्षी हुडाकांचा रोल. सासू काय म्हणाली ठाऊक आहे? 'हळूहळू जमेल हो.' आठवडाभर दुसऱ्यांची पोरं बसमधून वाहून सुट्टीच्या दिवशी मी हे ऐकायचं?"

हळूहळू जमेल हो. बर्नडीनने डोळे मिटले. लांडगा आला रे आला म्हणून अठ्ठावीस वर्षं ओरडल्यावर आता दारात खरा लांडगा उभा होता आणि गाव ढिम्म हलत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर इतका शीण होता, की रोक्सॅनला आता घरी जा म्हणावं असं माझ्या मनात आलं.

बर्नडीनने डोळे उघडले. तिच्यासमोर सकाळचा कॉफीचा कप होता, अर्धा, गार. त्याच्याकडे ती पाहत राहिली.

"दार लाव," ती म्हणाली.

दार लावलेलंच होतं. तरी रोक्सॅन जाऊन पुन्हा लावून आली.

"ही कुठे बोलणार नाही," माझ्याकडे मान करून बर्नडीन म्हणाली, आणि आवाज खाली आणला. "अक्रोडाच्या सारणात दोन चमचे कॉफी. काळी. गार. सकाळची उरलेली. ताजी चालत नाही."

रोक्सॅनचं तोंड उघडंच राहिलं. "कॉफी!"

"हळू."

"आणि बेकिंग पावडर?"

"घातलीस की बिघडलं. कॉफीला ती चालत नाही."

"आणि जास्तीचं अंडं?"

"तेही नाही. कॉफी असली की बाकी कार्डात लिहिलंय तेवढंच. कणभर जास्त नाही, कणभर कमी नाही. आणि हे बाहेर गेलं तर बघ."

"मरेपर्यंत नाही," रोक्सॅन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तिने बर्नडीनच्या गालाचा मुका घेतला आणि तो जळका ट्रे तिथेच विसरून गेली.

तिच्या गाडीचा आवाज दूर गेला तशी मी म्हणाले, "बर्नडीन, कॉफी?"

"मग काय करू? खरं लिहिलं ते कुणाला पटेना. आता वर एक खोटं ठेवलं, तर खालचं खरं गिळेल तरी."

"आणि कॉफीने बिघडलं तर?"

"दोन चमच्यांनी काय बिघडतंय?" तिने हातावर डोकं टेकलं. "थकले गं मी. खरं बोलायला इतकी मेहनत पडते हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं."

ख्रिसमसच्या आदल्या आठवड्यात रोक्सॅनचा रोल आला. चांदीच्या कागदात, लाल फितीत, अगदी बर्नडीनसारखा. ती दारातूनच देऊन गेली, तिची बस उभी होती. बर्नडीनने सुरी मला दिली. कुठे चीर नव्हती. कापला तर आत वेटोळी अशी, की मोजून घ्यावीत. तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिली. मीही खाल्ला.

बर्नडीनचा रोल मी सोळा वर्षं खाल्ला आहे. तो गोड असायचा, फार चांगला गोड. यात गोडाच्या मागून एक कडसर, भाजका वास येत होता. अक्रोड जास्त अक्रोड लागत होता. मी दुसरा तुकडा घ्यायचा मोह आवरला.

"कसा आहे?" तिने विचारलं.

"चांगला आहे. तुझ्यासारखाच."

"खोटं बोलू नकोस, तुला जमत नाही." तिने आणखी एक तुकडा तोडला. "माझ्यापेक्षा चांगला झालाय."

"अगं, छे."

"पन्नास वर्षं," ती म्हणाली. "पन्नास वर्षं रोज सकाळी तो कप या टेबलावर असायचा. माझ्या हाताशी. आणि मला नाही सुचलं."

तिला दुःख झालं होतं आणि ते लपवायचंही त्राण तिच्यात नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो राहू दिला. मग म्हणाली, "फोन दे. डेनीला सांगते, पुढच्या वर्षी रोक्सॅन करेल. हा खाल्ल्यावर नाही कसा म्हणतो बघते." डेनीने नाही म्हटलं नाही. दोन मिनिटांत हो म्हणाला, आणि ते दोन मिनिटांत झाल्याचंही तिला लागलं.

हे वर्ष तिने खुर्चीत काढलं. ऑगस्टमध्ये प्लम आले आणि गेले. मला वाटलं होतं, मोकळी झाली की ती जरा टवटवीत होईल. तसं काही झालं नाही. "काम असताना दुखायचं ते कळायचं तरी कशाने दुखतंय," ती म्हणायची.

मागच्या शनिवारी सोडत होती. मी तिला हॉलमध्ये नेलं, खुर्ची दिली, केक आणून दिला. तिने दोन घास खाऊन बशी बाजूला ठेवली. येणारी-जाणारी माणसं तिच्या खांद्यावर हात ठेवून जात होती. डेनीची बायको वाकून म्हणाली, "बर्नडीन, रोक्सॅनचा रोल खाल्लास का गं? काय घालते कोण जाणे! कार्ड देते म्हणा, पण तुला ठाऊक आहे आपल्या बायका."

"हो ना," बर्नडीन म्हणाली. "ठाऊक आहे."

थोड्या वेळाने तिने मला उठवायला सांगितलं. आम्ही टेबलांच्या कडेकडेने गेलो. रोक्सॅनची टोपली खरीखुरी वेताची होती, तळाशी कागदाचा चुरा. उंदराचं अंथरूण. बर्नडीनने ओठ मुडपले. चमचा दुकानातला होता. गाठ मात्र घट्ट होती. कुणाचं बोट लावलं असेल कोण जाणे, माझं नव्हतं. समोरची पिशवी फुगली होती. रोलशेजारी कार्ड उभं लावलं होतं, अक्षर बाहेरून वाचता येईल असं.

"चष्मा पर्समध्ये आहे, आता कोण शोधतंय. वाच तू," ती म्हणाली.

मी वाचलं. मैदा, यीस्ट, लोणी, कोमट दूध. आंबट साय, अर्धी वाटी. अक्रोड दळून, साखर, त्यावर उकळतं दूध. सारण पुरतं गार करून मग पसरायचं. काट्याने टोचायचं.

"पुढे?"

"पुढे काही नाही. संपलं."

"कॉफी?"

मी खालून वरपर्यंत पुन्हा पाहिलं. "कॉफी नाही."

ती माझ्या दंडाला धरून उभी होती. तिचं वजन हळूहळू माझ्यावर आलं.

"साय आहे ना? नीट बघ."

"आहे. अर्धी वाटी. खाली रेघसुद्धा आहे, तू मारली होतीस तशी."

"म्हणजे हा माझा रोल आहे," बर्नडीन म्हणाली. "सासूचा आणि माझा. पुरा." तिने पर्स उघडली, आपली सगळी तिकिटं काढली आणि वाकड्या बोटांनी एक एक करून त्या पिशवीत घातली. मागे रांग खोळंबली होती. तिने घाई केली नाही.

"आता जिला लागेल ती यात बेकिंग पावडर घालणार," पर्स मिटत ती म्हणाली. "चल, घरी चल. पाय दुखतायत."